सात वर्षांच्या घराला किती म्हातारं करायचं?



व्याख्यानाचा विषय जाहीर झाल्यापासून मला एकच प्रश्न विचारला जातोय, की तत्त्वज्ञानाच्या माणसाचा खेळण्यातल्या घरांशी संबंध काय? याचं उत्तर एका वाक्यात देता येईल असं मला वाटत नाही. तेव्हा आधी वस्तू समजून घेऊ, प्रश्नाकडे नंतर वळू.

वस्तू अशी. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, वॉशिंग्टन आणि ऑरेगन या राज्यांत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढची पन्नासेक वर्षं प्रचंड जंगलतोड झाली. डग्लस फर, वेस्टर्न रेड सीडर, हेमलॉक, सिटका स्प्रूस ही तिथली झाडं. साठ-सत्तर मीटर उंचीची, कित्येक पाचशे वर्षांपेक्षा जास्त वयाची. ती तोडायला जी माणसं जात, त्यांच्यासाठी जंगलातच छावणी उभी करावी लागे. झोपायची घरं, स्वयंपाकघर आणि जेवणघर, लोहाराचं दुकान, करवतींना धार लावणाऱ्याची खोली, कचेरी, संडास. सगळं लाकडाचं. आज या छावण्यांच्या छोट्या प्रतिकृती करणारे हौशी कारागीर जगभर आहेत. ते लाकडाच्या बारीक पट्ट्या कापून घर उभं करतात आणि मग त्याला जुनं करतात. या जुनं करण्याला त्यांच्यात वेदरिंग म्हणतात. म्हणजे वाऱ्यापावसानं, उन्हानं, वापरानं जे होतं ते मुद्दाम करायचं. आजचं बोलणं या ‘मुद्दाम’विषयी आहे.

छावणी म्हणजे काय होतं

छावणीची पहिली गोष्ट ही, की ती टिकण्यासाठी बांधलेलीच नसे. आसपासची झाडं संपली की मुक्काम हलायचा. कुठे दोन-चार वर्षं, कुठे दहा-पंधरा. सिम्पसन कंपनीची ग्रिस्डेल नावाची छावणी १९४६ पासून १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत चालली, पण ती अपवाद म्हणूनच सांगितली जाते.

आधी ओंडके बैलांनी ओढून नेत. १८८१च्या सुमाराला कॅलिफोर्नियातल्या युरेका गावच्या जॉन डॉल्बीअरनं वाफेवर चालणारं, दोर गुंडाळून ओंडका खेचणारं यंत्र काढलं. त्याला डाँकी इंजिन म्हणतात. त्याच काळात मिशिगनच्या इफ्रम शे याच्या इंजिनाला पेटंट मिळालं. दातेरी चाकांवर चालणारं हे इंजिन खडी चढण आणि वाकडेतिकडे रूळ सहज पेलत असे. या दोन यंत्रांमुळे तोड जंगलात फार आतवर गेली आणि छावणीही तिच्यामागून गेली. म्हणून पुष्कळ घरं रुळावरच्या उघड्या डब्यावर मावतील इतक्याच रुंदीची बांधत. काही घरांच्या तळाशी दोन जाड ओंडके असत, पुढची टोकं होडीसारखी वर तासलेली. दोर बांधला की घर ओढत न्यायचं. पुढे मोटार आणि ट्रक आले, रस्ते झाले, कामगार गावातून ये-जा करू लागले आणि छावणीची गरजच संपली.

या सगळ्यात आपला काही संबंध? थोडा आहे. त्या भागातल्या लाकूड कापायच्या गिरण्यांत पंजाबी माणसं मोठ्या संख्येनं कामाला होती. १९०७च्या सप्टेंबरात वॉशिंग्टनमधल्या बेलिंगहॅम गावात गोऱ्या जमावानं त्यांना मारहाण करून हाकलून दिलं. १९१३ साली गदर चळवळ उभी राहिली ती अशाच गिरणी कामगारांच्या बळावर, ऑरेगनमधल्या अ‍ॅस्टोरिया आणि आसपासच्या गावांतून. विदर्भातले पांडुरंग खानखोजे तेव्हा ऑरेगनमध्ये शेतीशास्त्र शिकत होते आणि या चळवळीत होते. हे लोक छावणीत नव्हते, गिरणीत होते, हा फरक लक्षात ठेवा. पण छावणीच्या भिंतीची फळी अशाच एखाद्या गिरणीतून यायची.

आधी माप, मग बाकी सगळं

दिवाळीतला किल्ला तुम्ही सगळ्यांनी केलेला आहे. त्यात महाराज दरवाजापेक्षा उंच असतात, मावळा बुरुजाएवढा असतो आणि तळ्यातलं बदक या दोघांपेक्षा मोठं. आपल्याला ते खटकत नाही, कारण किल्ला ही खूण आहे. किल्ला कसा होता याविषयी तो काही दावा करत नाही. प्रतिकृतीचं तसं नाही. ती म्हणते, ‘असं होतं’. आणि ज्या क्षणी ती असं म्हणते, त्या क्षणी तिला खरं-खोटं लागू होतं. वाक्याला जसं लागू होतं तसंच.

या कामात दोन प्रमाणं जास्त चालतात. एकास सत्त्याऐंशी आणि एकास अठ्ठेचाळीस. आपण अठ्ठेचाळीसचं घेऊ. काडेपेटीतली लाकडी काडी साधारण दोन मिलिमीटर जाडीची असते. अठ्ठेचाळीसनं गुणा, साडेनऊ सेंटिमीटरचा वासा झाला. बारा इंच रुंदीची भिंतीची फळी इथे सहा मिलिमीटरपेक्षा जरा जास्त होते. छपरावर घालायच्या डांबरी कागदाची गुंडाळी तीन फूट रुंद असे, ती इथे एकोणीस मिलिमीटरची पट्टी होते. आणि खिळा? फळीला मारतात त्या अडीच इंची खिळ्याचं डोकं सुमारे सात मिलिमीटरचं. सातला अठ्ठेचाळीसनं भागा, दीड दशांश मिलिमीटर. डोक्याचा केस याच्या आसपासच असतो, थोडा बारीक. आता विकत मिळणाऱ्या प्रतिकृतींमध्ये खिळ्यांची भोकं बघा. कित्येकदा ती इतकी मोठी असतात की मूळ घराला रुपयाच्या नाण्याएवढे खिळे मारले होते असं वाटावं.

क्लोद लेव्ही-स्ट्रॉसनं १९६२च्या आपल्या एका ग्रंथात लघुप्रतिकृतीविषयी विचार मांडलाय. मोठी वस्तू आपण भागाभागानं समजून घेतो, छोटी वस्तू मात्र आधी अख्खी समजते आणि मग तिचे भाग, असा त्याचा मुद्दा. म्हणूनच लहान वस्तूवर आपला पटकन विश्वास बसतो, असं मी पुढे म्हणेन. एका नजरेत सगळं आलं की ते सगळं बरोबरच असेल असं वाटतं. त्यामुळे करणाऱ्यावर जबाबदारी वाढते.

लाकूड म्हातारं कसं होतं

आता मुख्य भाग. लाकडात ढोबळमानानं दोन गोष्टी धरून चाला. सेल्युलोजचे तंतू आणि त्यांना बांधून ठेवणारं लिग्निन. उन्हातले अतिनील किरण लिग्निन शोषून घेतं आणि त्यानं ते तुटतं. नवी फळी उन्हात ठेवली की काही महिन्यांत आधी पिवळट-तपकिरी होते ती यामुळे. मग पाऊस येतो आणि हे तुटलेलं लिग्निन धुऊन नेतो. मागे राहतात ते फिकट तंतू. त्यावर सूक्ष्म काळसर बुरशी वाढते. हे सगळं मिळून साधारण एक-दोन वर्षांत तो चंदेरी करडा रंग येतो.

दोन गोष्टी इथे महत्त्वाच्या आहेत. पहिली, हा करडा थर फार पातळ असतो. मिलिमीटरचा एखाद-दुसरा दशांश. खरवडलं की खाली ताजं लाकूड. दुसरी, ऊन आणि पाऊस दोन्ही लागतात. नुसतं ऊन लागलं तर तपकिरीपाशी थांबेल, नुसता ओलावा असेल तर शेवाळ आणि कुजणं. म्हणून वळचणीखालचा भिंतीचा पट्टा तपकिरीच राहतो आणि करडेपणा त्याच्या खाली सुरू होतो. आपल्याकडच्या जुन्या लाकडी घरांतही हेच दिसेल, मुद्दाम पाहा. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडची भिंत आधी करडी होते, उत्तरेकडची हिरवी. ऑलिंपिक पर्वताच्या पश्चिम उतारावर वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आपल्या कोकणासारखा. पण तो आपल्यासारखा चार महिन्यांत कोसळत नाही, शरद ऋतूपासून वसंतापर्यंत झिमझिमत राहतो. त्यामुळे शेवाळाला भरपूर वेळ मिळतो.

आता झीज. ऊन-पावसानं लाकूड झिजतं आणि मऊ वलयं आधी झिजतात, कठीण वलयं उंचवट्यासारखी वर राहतात. ही झीज किती वेगानं होते? सूचिपर्णी झाडाच्या उघड्या, उभ्या फळीची झीज शंभर वर्षांत साधारण सहा मिलिमीटर. आता सात वर्षं चाललेली छावणी घ्या. झीज झाली जेमतेम चार दशांश मिलिमीटर. अठ्ठेचाळीसनं भागा. मिलिमीटरचा शंभरावा भागसुद्धा उरत नाही. म्हणजे या प्रमाणात सात वर्षांच्या घराच्या भिंतीवर झिजलेल्या रेषा हाताला लागताच कामा नयेत.

आणि प्रत्यक्षात कारागीर काय करतो? तारेचा ब्रश घेतो आणि फळी घासतो. पाव मिलिमीटर खोल चरे सहज पडतात. पाव मिलिमीटर गुणिले अठ्ठेचाळीस म्हणजे बारा मिलिमीटर. शंभर वर्षांना सहा, तर बारा मिलिमीटरला दोनशे वर्षं. सात वर्षं टिकलेल्या घराला आपण दोनशे वर्षांचं केलं! अमेरिकेच्या त्या किनाऱ्यावर दोनशे वर्षांपूर्वी करवतीची गिरणीसुद्धा नव्हती.

नदीचा पूर आणि भिंतीवरचा डाग

इथे माझ्या जुन्या धंद्याकडे वळतो. न्यायदर्शनात अनुमानाचे तीन प्रकार सांगितलेत. त्यांतलं एक शेषवत्, म्हणजे कार्यावरून कारणाकडे जाणं. वात्स्यायनाच्या भाष्यातलं उदाहरण असं की नदीला पूर आलेला पाहून वरच्या अंगाला पाऊस झाला असं आपण जाणतो. त्यावर आक्षेप येतो. नदी पुढे कुठेतरी अडली म्हणूनही पाणी चढू शकतं, मग तुमचं अनुमान फसलं की नाही? उत्तर मोठं सुंदर आहे. नुसतं पाणी चढलेलं पाहून पावसाचं अनुमान करायचंच नाही. पाणी आधीपेक्षा वेगानं वाहतंय, फेस आहे, फळं, पानं, लाकडं वाहून येतायत, असा विशिष्ट पूर पाहिला तरच करायचं. कारण वेगळं असेल तर कार्याच्या तपशिलात फरक पडतो. फसलं ते अनुमान नव्हे, आपण हेतू नीट पाहिला नाही.

वेदरिंगचं सगळं शास्त्र मला यात दिसतं. भिंतीवरचा प्रत्येक डाग हा हेतू आहे. बघणारा त्यावरून मागे, कारणाकडे जातो. आणि तो डाग सगळीकडे सारखा करडा असेल तर तो चढलेल्या पाण्यासारखा आहे. त्यावरून काहीच कळत नाही.

मग विशिष्ट डाग कोणते? चार-पाच सांगतो.

सीडरच्या लाकडात टॅनिनसारखी द्रव्यं भरपूर असतात. लोखंडी खिळ्याशी आणि पाण्याशी त्यांची गाठ पडली की काळा-निळा डाग पडतो. म्हणून ओघळ खिळ्यापासून सुरू होतो, खाली जातो आणि खिळे असतात आडव्या आधाराच्या ओळीतच. ओघळ फळीच्या मधोमध कुठेही काढला तर तिथे आत आधार होता असं तुम्ही खोटं सांगितलं.

पागोळ्यांचं पाणी जमिनीवर पडून चिखल उडतो तो भिंतीच्या खालच्या फूटभर भागावर. त्याच्या वर नाही. जिथे पन्हळ लावलेला असेल तिथे तोही नाही.

शेगडीच्या नळकांड्याभोवती काजळी आणि गंज. पण गंजाचा ओघळ उताराच्या दिशेनंच जाणार.

करवतीला धार लावणाऱ्याच्या खोलीला मोठ्या खिडक्या असत, कारण त्याचं काम नजरेचं. त्या काचा त्यानं पुसलेल्या असणार. झोपायच्या घराच्या खिडक्या मात्र कोण पुसतो?

आणि माझा सगळ्यांत आवडता तपशील. लाकूडतोडे तळाला टोकदार खिळे असलेले बूट घालत, ओंडक्यावरून घसरू नये म्हणून. त्या बुटांनी उंबरठा, पायऱ्या, फळ्यांच्या वाटा अक्षरशः चावल्यासारख्या होत. जेवणघरात ते बूट घालायला पुष्कळ ठिकाणी बंदी असे, ती उगाच नव्हे. आता विचार करा, करडा थर किती पातळ ते आपण पाहिलं. खिळ्यांनी तो रोज फुटणार आणि आतलं ताजं लाकूड वर येणार. म्हणजे सगळ्यात जास्त वापरातली जागा सगळ्यात काळी असेल असं आपल्याला वाटतं, पण कोरड्या हवेत ती सभोवतालच्या फळ्यांपेक्षा फिकट, भुसकट दिसली पाहिजे. जेवणघराच्या दारापाशी ही फिकट वाट थांबली की बघणाऱ्याला एक नियम कळतो. पाटी लावायची गरज नाही.

हातानं काय करायचं

आता कृती थोडक्यात. बासवुडच्या पट्ट्या उत्तम, कारण त्या लाकडाला ठळक रेषा नसतात. रेषा ठळक असतील तर त्याही अठ्ठेचाळीसपट होतात. बाल्सा कापायला सोपा, पण कडा दबतात.

पट्ट्या जोडण्याआधी रंगवायच्या. नंतर रंगवलं तर जिथे डिंक लागलाय तिथे रंग शिरत नाही आणि पांढरे ठिपके उरतात. सगळ्यात चालणारं मिश्रण म्हणजे अर्धा लिटर स्पिरिटमध्ये एक-दोन चमचे काळी इंडिया इंक. स्पिरिट लवकर उडतं, त्यामुळे पाण्यापेक्षा पट्टी कमी वाकते. तरीही दोन्ही बाजूंनी लावावं. एकदा बुडवून वाळवा, रंग पाहा, हवं तर पुन्हा. एकदम गडद करू नका. पट्ट्यांचे तीन-चार गट करून प्रत्येकाला थोडी वेगळी छटा द्या, कारण एकाच गिरणीतल्या दोन फळ्याही सारख्या म्हाताऱ्या होत नाहीत. काही पट्ट्या जवळजवळ कोऱ्या, पिवळट-तपकिरी ठेवा. त्या वळचणीखाली आणि दुरुस्तीच्या जागी लागतील.

दुसरी रीत रसायनाची. व्हिनेगरमध्ये स्टील वूल काही दिवस भिजत ठेवलं की लोखंडाचं पाणी तयार होतं. झाकण घट्ट लावू नका, वायू निघतो. बासवुडमध्ये टॅनिन फारसं नसतं, म्हणून आधी कडक कोऱ्या चहाचा हात द्यायचा. तो वाळल्यावर लोखंडाचं पाणी. काही वेळात रंग काळवंडत जातो. हीच क्रिया खऱ्या खिळ्याभोवती होत होती. म्हणून मी ती खिळ्याच्या ओघळासाठी वापरतो, अगदी बारीक कुंचल्यानं, आणि सबंध भिंतीच्या करड्यासाठी शाई वापरतो. अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स पर्स खुणांचे प्रकार करताना साम्यानं सांगणारी खूण आणि कारणानं जोडलेली खूण असा भेद करतो. शाईचा करडा पहिल्या प्रकारचा, चहा-लोखंडाचा डाग पुष्कळसा दुसऱ्या. एका भिंतीवर दोन्ही नांदतात.

पोत हवाच असेल तर तो झिजेचा नको, करवतीचा हवा. गिरणीतली फळी खरबरीत यायची, गोल करवतीच्या कमानदार रेषा तिच्यावर असत. बारीक सँडपेपर फळीवर आडवा, किंचित कमानीत, एकदाच फिरवला तर पुरे.

फळ्या उभ्या लावून मधल्या फटींवर अरुंद पट्ट्या ठोकायच्या. छपराला टिश्यू पेपर काळपट राखाडी रंगवून, एकोणीस मिलिमीटरच्या पट्ट्यांत, खालून वर एकावर एक चढवत. खालून वर हे विसरू नका, नाहीतर पाऊस आत येईल. घर जमिनीवर डब्यासारखं ठेवू नका. ते ओंडक्यांवर किंवा खुंटांवर उभं असतं, खाली अंधारी फट असते. सगळ्यात शेवटी कोरड्या खडूची भुकटी, मातीच्या रंगाची, आणि तीही खालच्या फूटभरच.

पण मग ते जुनंपुराणं इतकं आवडतं का?

आता तुम्ही म्हणाल, एवढा हिशेब कशाला? हौस आहे, डोळ्याला बरं दिसलं की झालं. हा आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा.

वेदरिंगची आवड या छंदात रुजवणाऱ्यांत कॅलिफोर्नियातल्या मॉन्टरे गावचा जॉन अ‍ॅलन याचं नाव मोठं. १९१३ ते १९७३ हा त्याचा काळ. त्याआधीच्या छोट्या रेल्वे चकचकीत असत. त्यानं आपल्या गाड्यांना आणि इमारतींना काजळी, गंज, धूळ दिली आणि त्या एकदम खऱ्या वाटू लागल्या. तो गेल्यावर काही दिवसांतच त्याची रेल्वे आगीत नष्ट झाली, उरले ते फोटो. तेव्हा मळ ही सत्याची बाजू होती. चकचकीतपणाविरुद्ध ते बंड होतं. मात्र प्रत्येक बंडाची पुढे रूढी होते, तशी याचीही झाली. आता जीर्ण नसलेली प्रतिकृती अपुरी वाटते. छप्पर खचलेलं, फळी निखळलेली, खिडकी फुटलेली. चालू छावणीत चाळीस-पन्नास माणसं राहतायत आणि छप्पर खचलंय, तर लोक झोपतात कुठे?

या चुकीच्या समजाला फोटोंनीही हातभार लावलाय. आपल्याला या छावण्या माहीत आहेत त्या बऱ्याच अंशी डेरियस किन्सी आणि त्याचा भाऊ क्लार्क यांच्या फोटोंमुळे. डेरियस मोठ्या काचेच्या प्लेटा घेऊन जंगलात जाई, त्याची बायको टॅबिथा घरी त्या धुऊन छापत असे आणि फोटो कामगारांनाच विकले जात. अमूल्य ऐवज आहे तो. पण त्या काळच्या बहुतेक प्लेटांना लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. लालसर-तपकिरी वस्तू फोटोत गडद येई. ताज्या सीडरची फळी लालसर असते. म्हणजे कालच ठोकलेली भिंत फोटोत काळपट दिसू शकते, आणि आज तो फोटो पाहून आपण म्हणतो, किती जुनं घर! साधन कशाला आंधळं आहे हे माहीत नसेल तर प्रत्यक्ष पुरावाही फसवतो.

आक्षेपाचा अर्धा भाग मात्र मला मान्य आहे. प्रतिकृती खोलीच्या दिव्यात, हातभर अंतरावरून पाहिली जाते. मूळ घराच्या सावल्या सूर्याच्या होत्या. म्हणून फटी थोड्या गडद कराव्या लागतात, डाग थोडे ठळक. हे खोटं नाही. नकाशात रस्ता त्याच्या खऱ्या रुंदीपेक्षा जाड काढतात, त्यानं नकाशा खोटा होत नाही. दिसावं म्हणून प्रमाण वाढवणं वेगळं आणि जे कारण नव्हतंच त्याचं कार्य दाखवणं वेगळं. नकाशात रस्ता जाड काढा, पण जिथे रस्ता नाही तिथे काढू नका. ही रेघ पाळली तर हौसेला भरपूर मोकळीक उरते.

आणि ही रेघ पाळायची का, तर माणसांसाठी. जीर्ण घर पाहिलं की आपल्याला हुरहुर वाटते. सगळं कधीतरी आपोआप सरलं, काळानं नेलं, असा भाव होतो. पण छावणीतली गैरसोय काळानं आणलेली नव्हती, ती बांधतानाच होती. १९१७ साली तिथल्या लाकूड कामगारांनी मोठा संप केला. मागण्या काय होत्या? आठ तासांचा दिवस, स्वच्छ झोपायची जागा, मालकानं अंथरूण द्यावं. तोवर कामगार आपली वळकटी पाठीवर घेऊन छावणी ते छावणी हिंडत, उवा-पिसवांसकट. ओले मोजे शेगडीवर वाळत आणि तीच हवा रात्रभर छातीत जाई. महायुद्ध चालू होतं, विमानांसाठी स्प्रूस लाकूड हवं होतं, सरकार मध्ये पडलं आणि मार्च १९१८ पासून आठ तासांचा दिवस मान्य झाला. १ मे १९१८ ला कामगारांनी आपल्या वळकट्या पेटवून दिल्या, की आता अंथरूण तुम्ही द्या.

हे घर सात वर्षांचं, धड, पाऊस न गळणारं होतं आणि तरीही राहायला वाईट होतं, हे कळणं महत्त्वाचं आहे. आपण त्याला दोनशे वर्षांचं केलं की दोष काळावर जातो आणि बांधणाऱ्याचा हिशेब सुटतो. भिंत सरळ ठेवा. मग बघणारा आत डोकावेल, एकाला एक चिकटलेल्या फळ्यांच्या खाटा दिसतील. खोली १९१८ च्या आधीची असेल तर खाटेवर गादी ठेवू नका, गुंडाळलेली वळकटी ठेवा. नंतरची असेल तर चादर घाला. दोन मिलिमीटर कागदाचा प्रश्न आहे.

खुंटाचं वय

शेवटी घराबाहेरच्या जमिनीकडे बघू. छावणीभोवती तोडलेल्या झाडांचे खुंट असत, माणसापेक्षा उंच. बुंधा तळाशी फार रुंद आणि राळेनं भरलेला म्हणून लोक खोडाला खाच पाडून त्यात फळी रोवत आणि त्या फळीवर उभे राहून वर कापत. हौशी कारागीर घर करडं करतो आणि खुंटही करडा, शेवाळलेला करतो. पण घर चालू असेल तर खुंटाचा कापलेला माथा ताजा, लालसर-पिवळा हवा. तोड आत्ता चालली आहे, त्याशिवाय माणसं इथे कशाला राहतील?

आज त्या जंगलात गेलात तर छावणीचं एकही घर बहुधा सापडणार नाही. दुसऱ्यांदा उगवलेल्या झाडांमध्ये सीडरचे जुने खुंट मात्र अजून उभे आहेत, खाचांसकट. शंभर वर्षांचं ऊन-पाऊस खरोखर ज्याच्यावर झालंय ती वस्तू ती आहे. ज्यांना दाट शेवाळ, खोल चरे, कुजलेला गाभा करायची हौस आहे त्यांनी तो खुंट जरूर करावा, आजचा म्हणून. तिथे तारेचा ब्रश मनसोक्त चालवा. हिशेब बरोबर येतो.

आता कुणाला काही विचारायचं असेल तर वेळ आहे. आणि टेबलावरच्या पट्ट्या हातात घेऊन पाहा, फक्त काळ्या डब्याला हात लावू नका, त्यात लोखंडाचं पाणी आहे, कपड्यावर पडलं तर डाग जात नाही.